न आलेल्या गाडीचे आभार

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. मागं उभी आहेत ती पण आपलीच माणसं, त्यांनाही टेकायला जागा होऊ द्या. नाम घेऊन झालं, मृदंगानं मांडव घुमवला, टाळकऱ्यांचे हात भरून आले. आता त्यांना विसावा, आणि तुमच्या कानांना काम!

एकच प्रश्न विचारतो. पुढारी ओळखायचा कशावरून?

नाही, नाही, म्हाताऱ्यांनी नका सांगू. तुम्ही घटकाभर गप्प बसा. मी त्या खांबाला टेकलेल्या पोरांना विचारतोय. हो, तुम्हालाच! मोबाइल खाली ठेवा आणि सांगा. काय म्हणालास? ‘गाडीवरून.’ शाब्बास! लाजू नकोस, खरं बोललास. अजून? ‘भाषणावरून.’ बरं. आणि तू रे, टोपीवाल्या? ‘फोन लावला की काम झालं पाहिजे.’ वा! म्हणजे गाडी, भाषण आणि फोन. लिहून ठेवा.

आता बघा, पुढच्या रांगेतले अण्णा-तात्या हसायला लागले. हसताय कशाला? पोरांनी हे काय आईच्या पोटातून शिकून आणलं? आपण उठता-बसता म्हणतो, हल्लीच्या पोरांना चांगल्या माणसाची पारख राहिली नाही. अहो, पोरांना डोळे आहेत! तुम्ही त्यांच्यासमोर जे उभं कराल, तेच ती बघणार.

तर ऐका. आज पुराणातली गोष्ट नाही. माळसावंगी नावाच्या गावची आहे, आणि फार जुनी पण नाही.

त्या गावात एक तरुण होता, ऋषिकेश डोईफोडे. तेवीस वर्षांचा. गाव त्याला ऋषी म्हणायचं. नाव ऋषी, पण तप कसलं? दिवसभर संगणकापुढं बसायचं! तालुक्याच्या गावी त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं. वाढदिवस, निवड, नियुक्ती, श्रद्धांजली — माणूस जन्मला तरी ऋषीकडं आणि गेला तरी ऋषीकडं. हात मोठा कसबी. सावळ्या माणसाला गोरा करायचा, टकलावर केस आणायचा, पोट आत घ्यायचा. डॉक्टरला जे जमत नाही ते हा चहा थंड व्हायच्या आत करून द्यायचा!

आणि त्याच्याकडं शब्दांची एक यादी होती. कार्यसम्राट, विकासपुरुष, युवकांचे श्रद्धास्थान, गोरगरिबांचे कैवारी. गिऱ्हाईक आलं की यादी पुढं करायची. गिऱ्हाईक बोट ठेवायचं, हे दोन घे, आणि हे पण घे. कपड्याच्या दुकानात जसं सदरा अंगाला लावून बघतात, तसं माणसं विशेषण लावून बघायची.

पण ऋषी हसत नव्हता बरं का. त्याचा या सगळ्यावर विश्वास होता. त्याचा एक देव होता, अभयराजभैया. जिल्ह्यातला तरुण पुढारी. भैया दुकानात आले की मागं तीस माणसं. पांढरे कपडे असे की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. एकदा भैयांनी त्याला नावानं हाक मारली, “काय ऋषिकेश, बरं चाललंय ना?” पोरगं आठ दिवस हवेत! भैयांच्या मागं एक माणूस हळूच नावं सांगत असतो, हे त्याला पुढं कळलं. पण ते पुढं. तेव्हा त्यानं केस भैयांसारखे कापले, हातात भैयांसारखं कडं घातलं. चालायला लागला तरी भैयांसारखा, एक खांदा पुढं काढून.

आणि याच दिवसांत माळसावंगीची एस.टी. बंद झाली.

ऐकायला किती साधं वाटतं! अहो, पण ती गाडी काय होती ते समजून घ्या. सकाळी साडेसहाला यायची, मारुतीच्या देवळापुढं वळायची आणि अकरा पोरींना घेऊन तालुक्याला जायची. अकरावी, बारावी, एकदोन जणी पुढच्या. गणपतीनंतर एका सोमवारी पोरी उभ्या राहिल्या, आणि गाडी आलीच नाही. मंगळवारी नाही. बुधवारी कंडक्टरनं फाट्यावर सांगितलं, तुमच्या गावची फेरी बंद.

मुलांचं भागलं. एका मोटारसायकलवर तिघं बसले आणि गेले. पोरी काय करणार? फाटा चार किलोमीटर. पहाटे अंधारात निघायचं, दोन्ही बाजूला ऊस, मध्ये ओढा. पंधरा दिवसांत दोन पोरी घरी बसल्या. राहिल्या नऊ. आणि घराघरात बाप म्हणायला लागले, “झालं तेवढं शिक्षण बस झालं.” बघा मंडळी, बस बंद झाली आणि ‘बस झालं’ सुरू झालं!

त्या नऊ जणींतली एक ऋषीची धाकटी बहीण, प्रणाली. अकरावी सायन्स. हुशार, आणि जिभेनं जरा तिखट. वडिलांनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. दिवाळीपर्यंत गाडी आली तर ठीक, नाही तर घरी. आता तुम्ही म्हणाल, भाऊ होता ना मोटारसायकलवाला? होता की! आठ दिवस त्यानं सोडलं. नवव्या दिवशी पांघरुणातूनच हात हलवला, आज तू जा. दहाव्या दिवशी हातसुद्धा हलवला नाही.

नवरात्रात भैया गावात आरतीला आले. पोरींनी धीर करून निवेदन दिलं. भैयांनी ते उभ्या-उभ्या वाचलं आणि सगळ्या गावादेखत एस.टी.च्या वरच्या साहेबांना फोन लावला. फोन पहिल्या घंटीला उचलला गेला. भैया म्हणाले, आमच्या लेकीबाळी चालत जातात हे बरं नाही, गाडी सुरू झाली पाहिजे. पलीकडून उत्तर आलं, बघतो साहेब. टाळ्या पडल्या. ऋषीची छाती अशी फुगली, जणू फोन त्यानंच लावला होता.

आता त्या ‘बघतो’चा प्रवास ऐका. भैयांनी गाडीत बसताना कार्यकर्त्याला सांगितलं, बघतो म्हणालेत. कार्यकर्त्यानं दुसऱ्याला सांगितलं, करतो म्हणालेत. दुसऱ्यानं तिसऱ्याला सांगितलं, केलं म्हणालेत. आणि तिसरा सकाळी ऋषीच्या दुकानात — दहा बाय पंधराचा बोर्ड पाहिजे! मजकूर काय? ‘अथक प्रयत्नांतून माळसावंगीची एस.टी. बस सुरू केल्याबद्दल युवकांचे श्रद्धास्थान अभयराजभैया यांचे जाहीर आभार.’

ऋषीनं एवढं मात्र विचारलं, गाडी आली का? कार्यकर्ता म्हणाला, येतेय ना, बोर्ड आधी लावून ठेवू. ऋषीनं कोपऱ्यात एस.टी.चं चित्र टाकलं, मागं उगवता सूर्य टाकला, भैयांना हात जोडून उभं केलं आणि छापलं.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं बोर्ड लागला. लांबून दिसेल असा. झकास!

फक्त गाडी नाही.

पोरी रोज पहाटे त्या बोर्डाखाली जमायच्या, दहा मिनिटं वाट बघायच्या आणि चालायला लागायच्या. वर सूर्य, वर एस.टी., वर हात जोडलेले भैया. खाली नऊ पोरी दप्तर घेऊन पायी. काय ते दृश्य! हसू येतं का? मला पण येतं. पण त्या पोरींना येत नव्हतं.

चार दिवसांनी प्रणाली जेवताना भावाला म्हणाली, “दादा, बोर्डावर ‘सुरू केल्याबद्दल’ लिहिलंय. कधी सुरू झाली?”

ऋषी म्हणाला, होईल की.

“मग ‘होईल’ असं लिहायचं.”

त्यानं मान खाली घातली आणि मोबाइल बघायला लागला. मोबाइलचा हा एक मोठा उपयोग आहे मंडळी, तोंड लपवायला पदर लागत नाही!

आता या गोष्टीत एक बाई येते. सोजरबाई. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. मारुतीच्या देवळाशेजारी तिची पिठाची गिरणी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेकी नांदायला गेल्या. बाई आणि गिरणी. केसांवर, भुवयांवर कायम पीठ. गिरणीत आवाज एवढा, की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून मावशीला सवय लागली होती माणसाच्या तोंडाकडं बघायची. ओठांवरून, डोळ्यांवरून ओळखायची की हिचं काही बिनसलंय.

पोरी रोज गिरणीपुढून जायच्या. मावशीनं एका सकाळी प्रणालीला थांबवलं आणि विचारलं, वाटेत काय काय अडचण होते. नुसतं ‘बरं आहे ना गं’ असं नाही, खोदून विचारलं. पोरीनं सांगितलं, ओढ्यापाशी कुत्री अंगावर येतात. पाऊस असला की पुस्तकं भिजतात. उसाजवळ दोन टवाळ उभे असतात. मावशीनं गिरणीला कुलूप घातलं, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, चला, मी पण येते.

आठवडाभर ती बाई पोरींबरोबर चालली. काठी घेऊन! कुत्री गेली, टवाळ पण गेले. पण मावशीच्या मनात एक राग साठला होता, ड्रायव्हरवर. गावात कुणीतरी उठवलं होतं की ड्रायव्हर नूरभाईनं कंटाळा केला, म्हणून फेरी बंद पडली. एका सकाळी फाट्यावर हमरस्त्याची गाडी थांबली आणि चालवत होता नूरभाई. मावशी सरळ खिडकीपाशी गेली आणि अशी काही बोलली, की हॉटेलातला चहावाला गाळणी तशीच धरून उभा राहिला.

त्या दिवशी ऋषी त्याच हॉटेलात होता. सकाळच्या कार्यक्रमाचे बोर्ड पोचवायला लवकर निघाला होता. त्यानं सगळं ऐकलं.

नूरभाई शांतपणे खाली उतरला. म्हणाला, “मावशी, बोलून झालं असेल तर सांगतो. देवळापुढं गाडी वळत नाही. ओढ्यापासून उलटी घ्यावी लागायची. कंडक्टर खाली उतरून शिट्टी मारायचा. एक दिवस पाण्याचा हंडा घेऊन एक बाई मागं आली. एवढं अंतर राहिलं होतं.” आणि त्यानं हाताची चार बोटं दाखवली. “मी रात्रभर झोपलो नाही. मीच लिहून दिलं, की जागा झाल्याशिवाय गाडी नेणार नाही.”

मावशीनं विचारलं, आधी कशी वळायची मग?

नूरभाईनं गावाच्या दिशेनं बोट केलं. मग म्हणाला, “आधी तुमच्या गिरणीपुढं पत्र्याची पडवी नव्हती.”

मंडळी, गणपतीच्या आधी मावशीनं पडवी घातली होती. दळणाच्या बायका उन्हात उभ्या राहू नयेत म्हणून. हेतू किती चांगला! आणि त्याच पडवीनं गाडी अडली होती. नुसत्या तिनं नाही. पलीकडं भानुदासअण्णांनी कडब्याची गंजी रस्त्यात रचली होती, आणि तरुण मंडळानं बसायला सिमेंटचा कट्टा बांधला होता. तिघांनी मिळून देवळापुढचं मैदान खाऊन टाकलं होतं.

आता काय करावं? सगळी गाडी बघतेय. हॉटेल बघतंय. तुम्ही-आम्ही असतो तर? ‘पडवी माझ्या जागेत आहे’ म्हटलं असतं. ‘आधी कट्टा बघा’ म्हटलं असतं. अहो, आपल्याला सतरा वाटा ठाऊक असतात!

सोजरमावशीनं काठी खाली ठेवली. हात जोडले. म्हणाली, “नूरभाई, मी तुम्हाला नको ते बोलले. अडचण माझ्याच दारात होती. चूक माझी.”

ऋषीला काय वाटलं असेल? त्याला वाटलं, मावशी हरली. चार माणसांत बाईचं नाक गेलं. भैया असते तर त्यांनी असं कधी केलं नसतं. त्यानं चहा संपवला आणि निघाला. पण दिवसभर बोर्ड करता-करता ते जोडलेले हात त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. त्यानं एवढे हात जोडलेले फोटो बोर्डावर लावले होते. ‘चूक माझी’ म्हणून जोडलेले हात त्यानं पहिल्यांदा बघितले होते.

दुपारी मावशी घरी आली आणि पान्हा घेऊन एकटीच पडवीचे नटबोल्ट सोडायला लागली. सभा नाही, ठराव नाही, कुणाला हाक नाही. समोर कट्ट्यावर तरुण मंडळ बसलेलं. पोरं बघत होती. पहिला पत्रा निघाला. दुसरा निघताना बाईच्या हातातून सटकला आणि बोट कापलं. तिनं पदराची चिंधी गुंडाळली आणि तिसऱ्याला हात घातला. तेव्हा एक पोरगा उठला. मग दुसरा. संध्याकाळपर्यंत पडवी उतरली. पोरं घाम पुसत कट्ट्यावर येऊन बसली आणि मग एकमेकांकडं बघायला लागली. बसलोय कशावर? पुढच्या अडचणीवरच! सकाळी पोरांनी स्वतःच घण आणला आणि कट्टा फोडला.

राहिले भानुदासअण्णा. ते अडून बसले. दोन पोरं तावातावानं त्यांच्या अंगावर गेली, तर मावशीनं पोरांनाच मागं सारलं. अण्णांजवळ बसली आणि विचारलं, तुमचं नेमकं काय अडतंय? अण्णा म्हणाले, घरामागं पाणी साचतं, कडबा कुजेल, जनावरं काय खातील? आता हे बरोबरच होतं की! पण तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मावशीनं गिरणीच्या मागची कोरडी जागा दिली. त्याच पोरांनी गंजी डोक्यावरून वाहून नेली. अण्णा शेवटची पेंढी स्वतः घेऊन गेले आणि वर पोरांना म्हणाले, रचता येत नाही तुम्हाला, सरका.

मैदान मोकळं झालं. आता आगारात जायचं. मावशीनं ऋषीला बोलावलं. म्हणाली, तुला टाइप करता येतं, अर्ज कर आणि बरोबर चल. ऋषी जरा कचरला, पण अर्ज केला. मावशी, प्रणाली, अजून दोन पोरी आणि ऋषी असे पाच जण आगारप्रमुखांपुढं जाऊन बसले.

आगारप्रमुख भले गृहस्थ. त्यांनी अर्ज वाचला, कपाळाला आठी घातली. म्हणाले, पण तुमची गाडी तर सुरू झाली आहे! आणि त्यांनी मोबाइलवर एक फोटो उघडून दाखवला. काय होता फोटो? सूर्य! एस.टी.! हात जोडलेले भैया! ‘सुरू केल्याबद्दल जाहीर आभार!’ ते म्हणाले, फोटो वर गेला होता; वरून विचारणा झाली तेव्हा आम्ही समजलो की दुसऱ्या आगारानं फेरी सुरू केली, गावकरी खूश आहेत, तक्रार मिटली. कागद बंद केला.

बघा मंडळी! देवळापुढची अडचण दोन दिवसांत निघाली. कागदावरची अडचण ऋषीनं स्वतःच्या हातानं छापली होती. दहा बाय पंधराची!

पोरींना ठाऊक होतं बोर्ड कुणी केला. मावशीला ठाऊक होतं. पण एकीनंही ऋषीकडं बघितलं नाही. प्रणाली जमिनीकडं बघत होती. तिखट जिभेची पोर, पण त्या दिवशी गप्प राहिली. आणि ते गप्प राहणंच ऋषीला लागलं. पुढच्या आठवड्यात भैयांचा वाढदिवस होता. साठ बोर्डांचं काम त्याच्याकडं आलेलं. आता तोंड उघडलं तर ते काम गेलं, भैया गेले, ती नावानं मारलेली हाक गेली. आणि तोंड मिटून बसलं तर? तर कागद बंद. दिवाळी बारा दिवसांवर.

त्याला फाट्यावरचे ते हात आठवले. तो उभा राहिला.

“साहेब, तो बोर्ड मी केला. गाडी आली नव्हती, हे मला माहीत होतं. तरी केला. चूक माझी.”

भैयांनी सांगितलं म्हणून केला, असं तो म्हणू शकला असता. कार्यकर्त्याचं नाव घेऊ शकला असता. नाही घेतलं. साहेबांनी कोरा कागद पुढं सरकवला, हे लिहून द्या म्हणाले. ऋषीनं लिहून दिलं, खाली सही केली. साहेबांनी बंद केलेला तक्रारीचा कागद पुन्हा उघडला आणि सांगितलं, उद्या माणूस पाठवून जागा बघतो. वळत असेल तर सोमवारपासून गाडी.

बाहेर आल्यावर मावशी त्याला एवढंच म्हणाली, “भूक लागली असेल तुला.” आणि स्टँडवर भजी खाऊ घातली. मंडळी, शाबासकी द्यायची ही पण एक रीत असते!

गावात आल्या-आल्या ऋषीनं शिडी लावून बोर्ड उतरवला. आणि आणखी एक काम केलं. ते मला फार आवडतं. तो दुसऱ्या दिवशी स्वतः भैयांकडं गेला. त्यांना कळायच्या आधी. तीस माणसांच्या घोळक्यातून वाट काढत पुढं झाला आणि सगळं सांगितलं.

भैया चिडले का? नाही. आधी त्यांना कळेचना. म्हणाले, गाडी तर सुरू झाली होती ना? मला तसंच सांगितलंय. मग हळूहळू त्यांनी भोवतीच्या माणसांकडं बघितलं. एकेक जण चपलेकडं बघायला लागला! भैया ऋषीकडं वळले. मग म्हणाले, “म्हणजे पोरी माझ्या फोटोखाली उभ्या राहून रोज चालत गेल्या?”

ऋषी म्हणाला, “हो.”

“बरं केलंस उतरवलास. आणि मला येऊन सांगितलंस, ते त्याहून बरं केलंस.”

भैया वाईट माणूस नव्हता हो! तीस माणसं जवळ होती, पण खरं सांगणारा एकही नव्हता. साठ बोर्डांचं काम मात्र त्या कार्यकर्त्यानं दुसऱ्या दुकानात नेलंच. तेवढं ऋषीला सोसावं लागलं. मी तुम्हाला खोटं कशाला सांगू, की सगळं गोड झालं म्हणून?

सोमवार उजाडला. सव्वासहापासून अर्धं गाव देवळापुढं. घरी बसलेल्या दोन पोरी पण दप्तर घेऊन आलेल्या. साडेसहाला ओढ्यापलीकडं दिवे दिसले. गाडी आली. नूरभाईनं देवळापुढं चाक फिरवलं आणि एका दमात गाडी वळवली, जशी एखादी बाई कडेवर लेकरू घेऊन वळते तशी! अकरा पोरी चढल्या. सरपंच नारळ घेऊन घाईघाईनं येत होते, म्हणत होते थांबा, दोन शब्द बोलतो. कंडक्टरनं घड्याळ बघितलं, दोरी ओढली, टण् टण्! गाडी गेली. दोन शब्द राहिले. नारळ मारुतीपुढं फोडला, तो सगळ्यांनी खाल्ला.

आणि सोजरमावशी? ती दळण करत होती. ऊन चढलं तशा बायका उन्हातच उभ्या राहिल्या. पडवी नव्हती ना आता! तर तरुण मंडळानं काय केलं, गिरणीच्या दुसऱ्या अंगाला, रस्ता सोडून, नवी पडवी घालून दिली.

पोरांनी मग ठरवलं, मावशीचा मोठा बोर्ड लावायचा. ऋषी मोबाइल घेऊन फोटो काढायला गेला. मावशीनं गिरणी बंद केली, तोंडावरचं पीठसुद्धा पुसलं नाही. म्हणाली, “माझं तोंड गावाला पाठ आहे. त्यापेक्षा गाडीच्या वेळा लाव. म्हाताऱ्या माणसांना वाचता येतील एवढ्या मोठ्या.”

ऋषी दुकानात जाऊन बसला. विशेषणांची यादी समोर उघडी होती. त्यातला एकही शब्द लागणार नव्हता. त्यानं लिहिलं — माळसावंगी, सकाळी साडेसहा. परत, दुपारी सव्वाएक. फोटो नाही, सूर्य नाही. पोरानं तो छापला, बाजूला धरून बघितला, आणि त्याला वाटलं, आपण आजवर केलेला हा सगळ्यात देखणा बोर्ड. खरा होता ना!

त्या आठवड्यात त्यानं बहिणीला सहज विचारलं, मोठेपणी तुला कुणासारखं व्हावंसं वाटतं? प्रणालीनं वहीतून मान वर केली नाही. म्हणाली, “मावशीसारखं. आणि आगारात उभा राहिलास ना, त्या दिवशीच्या तुझ्यासारखं थोडं.” एवढं बोलून पोर पुन्हा गणितात शिरली. आणि ऋषी? बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. डोळ्यांत कचरा गेला म्हणे!

झाली गोष्ट. आता तुमच्याकडं वळू.

खांबाजवळच्या पोरांनो, तुम्ही सांगितलं ते सगळं चालेल. गाडी असू द्या. भाषण असू द्या. फोन पहिल्या घंटीला उचलू द्या, चांगलंच आहे! पण त्याबरोबर एवढं बघत जा. तो माणूस दुसऱ्याला विचारतो का, तुझं काय अडतंय? पहिला पत्रा स्वतःचा काढतो का? आणि चार माणसांत ‘चूक माझी’ म्हणायला त्याची जीभ वळते का? हे ज्याच्यात दिसेल, त्याच्या मागं बिनधास्त चाला. मग तो आमदार असो की गिरणीवाली असो.

आणि अण्णा-तात्या, तुम्ही सुटला असं समजू नका! तुमच्या घरातली पोरं तुमचं भाषण ऐकत नाहीत, हे खरं आहे. पण ती तुमच्याकडं बघतात. शेजाऱ्याचा बांध कोरताना बघतात. बायकोवर उगाच ओरडून मग गप्प बसलेले बघतात. आज घरी गेल्यावर एकदा, फक्त एकदा, पोरांदेखत म्हणून बघा, ‘माझं चुकलं.’ काही होत नाही. घर पडत नाही. मी करून बघितलंय, आमच्या मंडळी अजून विचारतात, तुम्हाला बरं नव्हतं का त्या दिवशी!

आणि जाता-जाता. या मांडवाच्या दारात तुम्ही एक बोर्ड लावलाय. मी येताना वाचला. ‘ज्ञानसागर, वाणीभूषण, कीर्तनकेसरी.’ खाली माझा फोटो. त्या फोटोत माझे सगळे केस काळे आहेत! उतरवून ठेवा तो बाबांनो. त्या जागी एवढंच लिहा, उद्याचं कीर्तन संध्याकाळी सात वाजता. आणि मी सातला आलो नाही, सव्वासातला आलो, तर ही पोरं उठून मला विचारतील. विचाराल ना रे?

मोठ्यानं म्हणा. — हां! आता कसं!

त्या सावळ्यानं युगानुयुगं विटेवर उभं राहून सगळ्यांचं ऐकून घेतलं, एकदासुद्धा स्वतःचे आभार मागितले नाहीत. त्याचं नाव घ्या, टाळ उचला, आणि या विणेकऱ्यांना साथ द्या.